लक्ष कुठे होतं?

घरात मुलानं काही भलतंच गिळलं, की डॉक्टर येण्याआधी एक प्रश्न येतो. "लक्ष कुठे होतं तुझं?" व्याकरणाप्रमाणे या प्रश्नाला लिंग नाही, पण तो विचारला जातो बाईलाच. आईला, आजीला, नाहीतर सांभाळायला ठेवलेल्या मावशींना. बाप कामावर असतो म्हणून सुटतो. ती बाटली बनवणारा, ती सुटी भरून विकणारा आणि तिला कसलं झाकण असावं हे न ठरवणारा, हे तिघं तर या प्रश्नाच्या आसपासही नसतात.

हा प्रश्नच चुकीचा आहे, असं माझं म्हणणं आहे. लहान मुलांच्या घरात 'सुरक्षित' सफाईची साधनं वापरा, असं सांगणाऱ्या सल्ल्यांचा आणि जाहिरातींचा सध्या फोनवर जो पूर आलाय, तो याच चुकीच्या प्रश्नावर धंदा करतोय. चांगल्या आईचं लक्ष असतं. चांगली आई 'नॅचरल' आणते. तुम्ही कुठलं आणता? एवढंच ते रील फिरवून फिरवून विचारत असतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या कामात रात्री अडीच वाजता सिस्टिम बंद पडली, की सकाळी अहवाल लिहावा लागतो. बऱ्या टीममध्ये त्या अहवालात 'अमक्याचं लक्ष नव्हतं' हे कारण चालत नाही. माणसाचं लक्ष जाणारच, ते धरूनच चालायचं असतं. विचारायचं ते हे, की एका माणसाची एक चूक थेट इथपर्यंत पोचली कशी? मध्ये काहीच आडवं का आलं नाही? 'डिलीट'चं बटण 'सेव्ह'च्या शेजारी कुणी ठेवलं? घरी जेवण मागवायच्या ॲपला आपण ही शिस्त लावतो. संडास धुवायच्या ॲसिडला लावत नाही. तिथे सगळी भिस्त एका बाईच्या लक्षावर, आणि त्याच वेळी तिनं गॅसवरचं दूध, दारावरचा कुरिअरवाला आणि ऑफिसचा कॉलही सांभाळायचा असतो.

बेसिनखाली काय आहे?

आमच्या घरात दादा-वहिनींची दोन मुलं आहेत. भाचा सात वर्षांचा, भाची अडीच. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी पुस्तकी नाही. पण आमच्याच कशाला, पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही मध्यमवर्गीय घराच्या बाथरूममध्ये डोकावून बघा. कमोडमागे निळ्या रंगाचं टॉयलेट क्लीनर. बेसिनखाली फिनेल. कोपऱ्यात पाण्याच्या जुन्या बाटलीत ॲसिड. कधी ब्लीचिंग पावडरची पिशवी, कधी तुंबलेली मोरी मोकळी करायची पावडर. बेसिनच्या जाळीवर डांबर गोळ्या. या सगळ्यांची जमिनीपासूनची उंची मोजलीत, तर ती अडीच वर्षांच्या मुलाच्या हाताच्या उंचीइतकीच भरते.

ॲसिड घरात येतं ते पाण्यामुळे. बोअरवेलचं आणि टँकरचं पाणी जड असतं. नळांवर, टाइल्सवर, कमोडमध्ये पांढरे-पिवळे क्षार चढतात आणि साबणानं ते हलत नाहीत. मग ॲसिड येतं, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड. नामांकित टॉयलेट क्लीनरमध्येही बहुधा तेच असतं, साधारण दहा टक्क्यांच्या आसपास, घट्ट केलेलं आणि रंग दिलेलं. सुट्या ॲसिडमध्ये ते किती आहे हे बाटलीवर लिहिलेलं नसतं, कारण बाटली मुळात पाण्याची किंवा कोल्ड्रिंकची असते. जुन्या घरांत तेच ॲसिड शहाबादी फरशीवर ओततात. फेस येतो आणि मळ निघतोय असं समाधान मिळतं. शहाबादी आणि कडप्पा हे चुनखडीचे दगड आहेत. तो फेस मळाचा नसतो, दगड विरघळत असतो.

आता हे सगळं मुलाच्या डोळ्यांनी पाहा. एक ते तीन वर्षांच्या वयात जग समजून घ्यायचं एक मुख्य साधन म्हणजे तोंड. वाचता येत नाही, पण बाटलीचा आकार कळतो, रंग कळतो. निळं क्लीनर सरबतासारखं दिसतं. पाण्यात टाकलेलं फिनेल दुधासारखं पांढरं होतं. डांबर गोळी पेपरमिंटसारखी. भांडी घासायच्या लिक्विडवर आणि फरशीच्या क्लीनरवर तर ताज्या, रसरशीत लिंबाचं चित्रच असतं. ज्या ग्राहकाला वाचता येत नाही त्याला हे चित्र काय सांगतं, याचा विचार ते छापणाऱ्यानं कधी केला असेल का?

ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा गिळला तर तोंड, घसा, अन्ननलिका, जठर आतून भाजतं. जखम भरते, पण भरताना अन्ननलिका आकसू शकते. मग मुलाला घास उतरत नाही, कधी पाणीही उतरत नाही. ती वाट पुन्हा रुंद करायला महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं दवाखान्याच्या फेऱ्या कराव्या लागतात. हे सगळं एका घोटाचं.

झाकणाचा इतिहास

हा प्रश्न जगात नवा नाही आणि त्याचं उत्तरही नवं नाही. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत साबण करायला आणि साफसफाईला कॉस्टिक सोडा घरोघरी असे. तो किराणा दुकानात मिळे आणि दिसायला साखरेसारखा. शेव्हालिए जॅक्सन नावाचे घशाचे डॉक्टर होते. मुलांनी गिळलेल्या वस्तू ते अन्ननलिकेतून आणि श्वासनलिकेतून बाहेर काढत. त्यांनी काढलेल्या दोन हजारांहून जास्त वस्तू फिलाडेल्फियाच्या मटर म्युझियममध्ये आजही खणांत मांडून ठेवल्या आहेत. पण कॉस्टिकनं आकसलेली अन्ननलिका चिमट्यानं धरून बाहेर काढता येत नाही. अशी मुलं एकामागून एक यायला लागली, तेव्हा जॅक्सन यांनी आयांना लक्ष द्यायचे धडे देत बसण्यापेक्षा डब्यावर हल्ला केला. अशा प्रत्येक डब्यावर 'विष' असं ठळक छापलंच पाहिजे, म्हणून ते अनेक वर्षं कायदेमंडळाच्या मागे लागले. १९२७ साली तो कायदा झाला.

लेबल वाचता येतं ते मोठ्यांना. पुढची पायरी झाकणाची होती. कॅनडातल्या विंडसर गावी औषधं गिळलेली मुलं पाहून कंटाळलेले बालरोगतज्ज्ञ आंरी ब्रो यांच्या खटपटीतून १९६७ साली तळव्यानं दाबून फिरवायचं झाकण पुढे आलं. १९७० साली अमेरिकेनं विषारी वस्तूंच्या वेष्टनांसाठी वेगळा कायदा केला. त्यातली झाकणाची परीक्षा मला आमच्या टेस्टिंगपेक्षा जास्त आवडते. साडेतीन ते सव्वाचार वर्षांच्या मुलांना बसवतात, हातात बाटली देतात आणि पाच मिनिटं झटू देतात. मग ती कशी उघडायची हे करून दाखवतात आणि आणखी पाच मिनिटं देतात. दाखवण्याआधी निदान ८५ टक्के आणि दाखवल्यानंतरही ८० टक्के मुलांना ती उघडता येता कामा नये. दुसऱ्या बाजूला पन्नास ते सत्तर वर्षं वयाच्या माणसांपैकी ९० टक्के जणांना ती उघडता आलीच पाहिजे.

या परीक्षेत आईला कुणी बोलावत नाही. 'मुलाकडे बघा' असं कुणी सांगत नाही. उलट, मूल एकटं आहे, हातात बाटली आहे, वेळही भरपूर आहे, असं गृहीत धरूनच झाकण बनवायचं. याला मी रचना म्हणते. आपल्याकडे काही मोठ्या कंपन्यांच्या टॉयलेट क्लीनरला असं दाबून उघडायचं झाकण असतं. त्याच दुकानातल्या फिनेलच्या, सुट्या ॲसिडच्या, स्वस्तातल्या लिक्विडच्या बाटल्या हातात घेऊन बघा. साधं आट्याचं झाकण, पाण्याच्या बाटलीला असतं तेच. पाण्याची बाटली उघडायला तर आपणच मुलांना शिकवलेलं असतं.

आपल्याकडचा एक दाखला तर सगळ्यांना माहीत आहे. आधीच्या पिढीत रॉकेल प्यायलेली मुलं ही नेहमीची गोष्ट होती, कारण स्टो होता आणि रॉकेलची बाटली चुलीशेजारीच असे. ज्या घरात गॅस आला आणि रॉकेल गेलं, त्या घरात हा धोका संपला. त्या घरातल्या आयांचं लक्ष रातोरात वाढलं नव्हतं. बाटली गेली होती.

'नॅचरल' नावाची पळवाट

आता त्या रीलकडे येऊ. प्रसन्न उजेडातलं स्वयंपाकघर, काचेच्या बरण्या, आणि 'माझ्या बाळाच्या घरात एकही केमिकल नाही' असं सांगणारी आवाजी. पाणी हेही केमिकल आहे, हा शाळकरी वाद मी घालणार नाही. लोकांना काय म्हणायचंय ते कळतं. उग्र वास नको, जळजळ नको, मुलाच्या अंगाला लागलं तर भीती नको. ही इच्छा अगदी रास्त आहे. ब्लीचच्या वाफांनी आणि हवेत उडणाऱ्या स्प्रेनं दमेकरी मुलाचा खोकला वाढतो, हेही खरं. माझं भांडण आहे ते 'नॅचरल म्हणजे सुरक्षित' या समीकरणाशी.

कापूर घ्या. फरशी पुसायच्या पाण्यात कापूर टाका, मुंग्या येत नाहीत, वातावरण शुद्ध होतं, असे सल्ले फिरतात. कापूर देवघरात असतो, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. लहान मुलानं थोडासा कापूर खाल्ला तरी त्याला आकडी येऊ शकते. निलगिरीचं तेल, तेच जे पोछ्याच्या पाण्यात 'चार थेंब' टाकतात, पोटात गेलं तर तेही मुलाला गुंगी आणि झटके आणू शकतं. रिठ्याचं पाणी डोळ्यांत गेलं की काय होतं ते आजीला विचारा. डांबर गोळीची गंमत अशी, की तिला कुणी केमिकल म्हणतच नाही, ती परंपरा आहे. आजीनं ट्रंकेत जपलेली दुपटी थेट बाळाला गुंडाळतात. काही बाळांमध्ये जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मापासून कमी असतं. अशा बाळाच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनच्या नुसत्या संपर्कानं फुटू शकतात, बाळ पिवळं पडतं. घरोघरची ही माया धुऊन, उन्हात वाळवूनच बाळाला लावायला हवी.

मग बायो-एन्झाइम. एक भाग गूळ, तीन भाग लिंबा-संत्र्याच्या साली, दहा भाग पाणी, तीन महिने आंबवायचं. कचरा वाया जात नाही, करायला मजा येते, माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती ते भरतात कशात याबद्दल. भरतात कोल्ड्रिंकच्या बाटलीत. रंग लिंबू सरबताचा, वास आंबट-गोड, बाटली ओळखीची, जागा बेसिनखाली. हे द्रव प्यायल्यानं कदाचित फार काही होणार नाही. पण 'बेसिनखाली ठेवलेल्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत प्यायचं असतं' हा धडा मूल त्यातून शिकतं. शेजारच्या घरात त्याच बाटलीत ॲसिड असतं.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फसफस दाखवणारी रीलं तर दहावीच्या रसायनशास्त्राचा अपमान आहेत. आम्ल आणि आम्लारी एकमेकांना मारतात. उरतं ते थोडं मीठ आणि पाणी. दोघं वेगवेगळे कामाचे, एकत्र केले की बहुतांशी निकामी. पण हेच व्हिनेगर ब्लीचमध्ये मिसळलं तर क्लोरिन वायू सुटतो. टॉयलेट क्लीनर आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले तर आणखी जोरात सुटतो. हाच वायू १९१५ साली ईप्रच्या लढाईत शस्त्र म्हणून वापरला होता. तो हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असतो, त्यामुळे खाली साचतो, मुलाच्या नाकाच्या उंचीवर. 'दोन्ही टाकलं की जास्त स्वच्छ' हा विचार बंद बाथरूममध्ये कुणी करू नये.

'इको', 'ग्रीन', 'बेबी-सेफ' या शब्दांना पुरावा काय, हाही प्रश्न आहे. सरकारनं १९९१ सालीच इकोमार्क नावाचं चिन्ह आणलं, त्यावर माठाचं चित्र आहे. तुमच्या घरातल्या एखाद्या बाटलीवर तो माठ दिसतो का, ते बघा. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पर्यावरणाच्या पोकळ दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. दावा केलात तर पुरावा द्या, असा त्यांचा अर्थ. आपणही तेवढंच विचारायचं. पानाचं चित्र हा पुरावा नव्हे.

९९.९ टक्क्यांची भीती

एका बाजूला नॅचरल, तर दुसऱ्या बाजूला जंतूंची भीती. टीव्हीवर भिंग धरतात, फरशीवर हिरवे राक्षस वळवळतात, आई घाबरते, एक झाकण ओतते आणि ९९.९ टक्के राक्षस मरतात. आमच्या कामात 'तीन नऊ' हा शब्द रोजचा आहे. सर्व्हर ९९.९ टक्के वेळ चालू म्हणजे वर्षातून पावणेनऊ तास बंद. टक्केवारी ऐकायला भारी वाटते, पण कशाचे, किती वेळात, कुठल्या पृष्ठभागावर, हे विचारल्याशिवाय तिला अर्थ नाही. फरशीवर जंतुनाशक ओतून पाचव्या मिनिटाला कुणीतरी बाहेरून येतं, तेव्हा तो हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू होतो.

घर म्हणजे आयसीयू नव्हे. रोजच्या फरशीला साबणाचं पाणी आणि धुतलेलं फडकं पुरतं, कारण साबण मळ आणि त्यातले जंतू उचलून नेतो. २०१६ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ट्रायक्लोसानसह १९ घटक घरगुती जंतुनाशक साबणांतून काढायला लावले. साध्या साबणापेक्षा ते जास्त उपयोगी आहेत, हे कंपन्यांना सिद्ध करता आलं नव्हतं. जंतुनाशकाची जागा आहे, पण ती ठरावीक आहे. घरात कुणाला उलट्या-जुलाब होत असतील, संडास आणि नळाच्या तोट्या निर्जंतुक करायच्या असतील, तेव्हा ते वापरावं. बाकीच्या दिवशी आपण भीती पुसत असतो.

मग बदलायचं काय?

कारखान्यांत धोका हाताळायचा एक क्रम असतो. आधी धोका काढून टाका. ते जमत नसेल तर सौम्य पर्याय आणा. तेही नसेल तर माणूस आणि धोका यांच्यात भिंत घाला. आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात कमी भरवशाचा उपाय म्हणून, माणसाला सावध राहायला सांगा. आपल्या घरांत हा क्रम उलटा आहे. सावध राहण्यापासून सुरुवात होते आणि तिथेच संपते.

घरातून काढायचं ते सुटं ॲसिड. नवीन घरात बिल्डरच्या माणसांनी सिमेंटचे डाग काढायला आणलेला अर्धा कॅन माळ्यावर पडलेला असतो, तोही. मोरीची कॉस्टिक पावडर आणि डांबर गोळ्या काढायच्या. क्षारांसाठी किराणा दुकानात मिळणारं लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, कोमट पाण्यात विरघळवून रात्रभर ठेवलं की बरंच काम होतं. तेही आम्ल आहे, डोळ्यांत जाऊ देऊ नये, शहाबादीवर आणि मार्बलवर ओतू नये, ब्लीचमध्ये मिसळू नये. पण हायड्रोक्लोरिकच्या तुलनेत चूक झाली तरी किंमत फार कमी मोजावी लागते. दर पंधरा दिवसांनी केलं तर थर चढतच नाही. ॲसिड लागतं ते सहा महिन्यांनी एकदा घासणाऱ्यांना. ओट्याला आणि भांड्यांच्या डागांना खाण्याचा सोडा, फरशीला थोडं लिक्विड. जे उरेल ते मूळ बाटलीतच ठेवायचं, आणि वरच्या कपाटात, कडी लावून. स्प्रे हवेत न मारता फडक्यावर मारायचा. दहा बाटल्यांवरून तीनवर आलात, तर लक्ष ठेवायलाही तीनच उरतात.

यात महाग काही नाही, हे लक्षात घ्या. सुरक्षित घर हे तिप्पट किमतीच्या बाटलीत मिळतं, ही समजूत विकणाऱ्यांची आहे.

सुरक्षित कुणासाठी?

या चर्चेत एक व्यक्ती हमखास गायब असते, ती म्हणजे जी प्रत्यक्षात साफ करते. मुलासाठी आपण फरशीचं क्लीनर बदलतो आणि कामाच्या मावशींच्या हातात ॲसिडचा मग देतो. हातमोजे नाहीत, खिडकी बंद, कारण बाहेरून धूळ येते. त्या खोकल्या की म्हणतो, 'जरा बाहेर उभ्या राहा.' मुलाच्या आसपास जे नको, ते त्यांच्या छातीत रोज चार घरांचं कसं चालतं?

त्यांच्या घरीही मुलं आहेत. आपण 'उंचावर ठेवा, कुलूप लावा' म्हणतो, तेव्हा आपण कपाट, कुलूप आणि वेगळं बाथरूम गृहीत धरतो. दहा बाय दहाच्या खोलीत सगळंच मुलाच्या हाताला लागतं. सुटं फिनेल स्वस्त मिळतं म्हणून ते जुन्या बाटलीत येतं. आपण 'न्या हे' म्हणून दिलेली उरलेली बाटलीही तिथेच जाते. बाटलीवरची सूचना बारीक अक्षरात, बहुतेकदा इंग्रजीत. म्हणून हा प्रश्न वैयक्तिक निवडीचा करून सोडून देता येत नाही. टू-बीएचकेतली आई निवड करू शकेल. बाकीच्यांना झाकणच वाचवेल.

म्हणून मागण्या तीन. घरगुती वापराच्या प्रत्येक दाहक आणि विषारी द्रवाला मुलांना न उघडणारं झाकण सक्तीचं करा. आत काय आहे, ते पोटात गेलं तर काय करायचं आणि काय करायचं नाही, हे राज्याच्या भाषेत, चित्रासह, मोठ्या अक्षरात छापा. आणि अशी रसायनं खाण्यापिण्याच्या बाटल्यांत भरून विकणं बंद करा.

अशक्य काहीच नाही. बिस्किटाच्या पुड्यावर प्रत्येक घटक उतरत्या क्रमानं छापावा लागतो. पॅकबंद वस्तूंचे २०११चे नियम किंमत, वजन, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता मागतात, पण क्लीनरमधल्या घटकांची पूर्ण यादी मागत नाहीत. कॅलिफोर्नियानं २०१७ साली कायदा करून ती मागितली, आणि त्याच कंपन्या तिथे ती देतात. ॲसिडचं म्हणाल, तर ॲसिडहल्ल्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१३ सालीच सांगितलं, की विकणाऱ्यानं नोंदवही ठेवावी, ओळखपत्र पाहावं, अठरा वर्षांखालच्यांना विकू नये. आमच्या भागातल्या दुकानात ॲसिड मागितलं, तर अजून कुणी ओळखपत्र विचारत नाही.

'आमच्या लहानपणी कुठे होती अशी झाकणं? काही झालं का आम्हाला?' असं काकालोक म्हणतात. ज्यांना काही झालं नाही तेच हे सांगायला उरलेत, काका. दुसरा आक्षेप, 'म्हाताऱ्यांना उघडणार नाही.' त्यांना उघडता आलं नाही, तर झाकण परीक्षेत नापास होतं, ते वर सांगितलंच. तिसरा आक्षेप, 'झाकणानं शंभर टक्के काम होतं का?' नाही. दहातली एक-दोन मुलं ते उघडतीलही. म्हणून कडीही लावायची आणि बाटल्याही कमी करायच्या. एका उपायावर सगळं टांगायचं नाही, आईच्या लक्षावर तर नाहीच.

आणि तरीही काही पोटात गेलंच, तर चौकशी समिती नंतर बसवा. ओकारी काढू नका, कारण जे उतरताना भाजतं ते वर येतानाही भाजतं. मिठाचं पाणी नको, लिंबू किंवा सोडा देऊन 'उतारा' करू नका. तोंड पुसा, पाण्यानं विसळा. डोळ्यांत गेलं असेल तर वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा मिनिटं धरा. भिजलेले कपडे काढा. बाटली बरोबर घ्या, १०८ला फोन करा किंवा थेट दवाखाना गाठा. दिल्लीच्या एम्समध्ये १९९५पासून राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास चालतं. त्याचा क्रमांक आजच शोधून फोनमध्ये ठेवा, गरज पडेल तेव्हा शोधायला वेळ नसतो.

सोसायटीत राहत असाल तर आणखी एक काम आहे. जिने आणि कॉमन संडास धुवायला बहुतेक सोसायट्या ॲसिड कॅननं घेतात आणि ते कॅन मुलं लपंडाव खेळतात त्याच जिन्याखाली ठेवतात. पुढच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगच्या भांडणाआधी हा एक विषय मांडा. ॲसिडची खरेदी बंद, सफाई कामगारांना हातमोजे, आणि जिन्याखालच्या जागेला दार. दहा मिनिटांचा ठराव आहे. तो करायला कुठल्याही आईचं लक्ष लागत नाही, समितीचं लागतं.